बहात्तर साल : नुसता दुष्काळ नव्हे

आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईला वय विचारले, तर ती जन्मतारीख सांगत नाही. ती सांगते, "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात होते, तवा थोरला अंगावर पीत होता." नगर जिल्ह्यातल्या कष्टकरी घरांत १९७२ हे नुसते साल नाही, ते कालगणनेचे एक टोक आहे. लग्ने, बाळंतपणे, घर सोडून मुंबई-पुण्याला जाणे, सगळे त्या सालाच्या अलीकडचे किंवा पलीकडचे.

पण बहात्तर साल म्हणजे नुसता दुष्काळ, असेच आपण आपल्या मुलांना सांगत आलो. ही अर्धी गोष्ट झाली. ज्या वर्षी पोट खपाटीला गेले, त्याच वर्षी आपल्या माणसांनी मान ताठ केली. आणि ती केवळ आपणच केली असे नाही. सात समुद्रापलीकडे अमेरिकेतले आपले दुःखबंधू, तिथले कृष्णवर्णीय लोक, मैदानात, गाण्यात आणि राजकारणात त्याच वर्षी तेच करत होते. या वर्षाची दुसरी बाजू आज कुटुंबात बसून वाचावी, म्हणून हा लेख.

नगरची खडी आणि तांबडी मिलो

आधी आपल्या घरची गोष्ट. नगर जिल्हा (आता तो अहिल्यानगर झाला) दोन तऱ्हांचा आहे. अकोल्याच्या डोंगरात पाऊस कोसळतो. भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून खाली येते आणि त्यावर उसाचे मळे उभे राहतात. दुसरीकडे पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड, पारनेर या भागांत चांगल्या सालातही पाऊस हात राखूनच पडतो. १९७० आणि ७१ ही दोन वर्षे ओढाताणीची गेली होती. १९७२ ला पावसाने पाठच फिरवली. विहिरींनी तळ गाठले, जनावरे बाजारात मातीमोलाने गेली, काही दावणीलाच गेली. ज्याला जमीन होती त्याचेही हाल झाले. ज्याला जमीनच नव्हती आणि ज्याचे पोट दुसऱ्याच्या शेतातल्या मजुरीवर चालत होते, त्याची चूल पहिल्यांदा विझली. गावकुसाबाहेरची आपली वस्ती बहुतेक या दुसऱ्या प्रकारातली.

सरकारने दुष्काळी कामे काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग आणि सगळ्यांत जास्त म्हणजे खडी फोडणे. पहाटे भाकरीचे फडके बांधून माणसे निघत. मुकादम हजेरी घेई. पुरुष टिकाव मारत, बाया घमेली वाहत, म्हाताऱ्या आणि पोरी दगडाच्या ढिगापुढे बसून हातोडीने खडी करत. मुलांना सुकडी मिळे. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळे. ती भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची. मिलो हा अमेरिकेत मुख्यतः जनावरांच्या दाणावैरणीसाठी पिकवला जाणारा ज्वारीचा प्रकार. आपल्यापैकी किती तरी घरांत अमेरिकेची पहिली ओळख अशी ताटातून झाली.

१९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे राबत होती. लक्षात घ्या, ही भीक नव्हती. दगड फोडून, माती वाहून, घाम गाळून माणसांनी आपले पोट भरले आणि रस्ते नि तलाव मागे ठेवले. मागेल त्याला काम हा हक्क आहे, हा विचार याच काळात पक्का झाला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना पुढे १९७७ च्या कायद्यात आली. १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो कायदा अमलात आला. २००५ साली देशाने ग्रामीण रोजगार हमीचा जो कायदा केला, त्याची मुळे बहात्तरच्या खडीच्या ढिगात आहेत. आपल्या आज्यांचा त्या कायद्यात वाटा आहे, हे त्यांना कुणी सांगितले का?

पाणी कोणाच्या दारात?

दुष्काळाने एक मोठा प्रश्न उघडा केला. गावात एकच विहीर पाण्याची उरली, तर तिथे कोण भरणार? १९२७ साली बाबासाहेबांनी महाडचे चवदार तळे खुले केले. त्याला पंचेचाळीस वर्षे होऊन गेली होती. तरी गावोगाव आपल्या बाया विहिरीपासून लांब, रिकामी घागर घेऊन, कुणी वरून पाणी ओतील म्हणून ताटकळत होत्या. बाबा आढाव यांनी 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ याच १९७२ साली हाती घेतली, ती उगीच नव्हे.

नगर जिल्ह्यात जामखेडला याच सुमारास एक वेगळी गोष्ट घडत होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य. रजनीकांत नगर जिल्ह्यातलेच. दोघांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि शहरात दवाखाना थाटण्याऐवजी १९७० साली जामखेडसारख्या कोरड्या तालुक्यात येऊन बसले. दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की औषधापेक्षा आधी पाणी आणि अन्न हवे. त्यांनी बोअर घेण्याचे काम हाती घेतले. आणि बोअर घेताना हातपंप होता होईल तो दलित वस्तीत बसवायचा, असे ठरवले. भाषण नाही, भांडण नाही. ज्याला पाणी हवे त्याने वस्तीत यावे! ज्यांनी आपल्या सावलीचाही विटाळ मानला, त्यांच्या घरच्या बाया आपल्या अंगणातल्या पंपावर रांगेत उभ्या राहिल्या. तहानेने त्यांचे सोवळे सोडवले. आरोळ्यांनी पुढे खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, बायांनाच आरोग्यसेविका केले. त्यांत आपल्या वस्तीतल्या बायाही होत्या. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मात्र हेही विसरता येत नाही, की त्याच जामखेड तालुक्यातले खर्डा, त्याच जिल्ह्यातले सोनई आणि जवखेडे ही नावे २०१३-१४ साली साऱ्या महाराष्ट्राला वेगळ्याच कारणाने कळली. पाणी एका रांगेत आले, मने आली नाहीत. म्हणूनच बहात्तरची गोष्ट संपलेली नाही.

मुंबई, २९ मे १९७२

दुष्काळाने खेडी रिकामी केली, ती माणसे कुठे गेली? बरीचशी मुंबईला. कुणी गिरणीत बदली कामगार झाला, कुणी गोदीत ओझे उचलले, कुणाला महापालिकेचा झाडू मिळाला. त्यांच्या आधी आलेल्यांची पोरे झोपडपट्टीत आणि चाळीत वाढून शिकली होती, लिहू लागली होती. वर्तमानपत्रात रोज बातमी येई, अमुक गावी बहिष्कार, तमुक गावी बाईची विटंबना. पुणे जिल्ह्यातल्या बावड्याचा बहिष्कार आणि परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावची विटंबना, दोन्ही याच वर्षाच्या. रिपब्लिकन पक्षाचे तुकडे झाले होते. पुढारी एकमेकांशी भांडण्यात दंग होते. तेव्हा या तरुणांनी ठरवले, आता आपणच काही तरी करायचे.

२९ मे १९७२ रोजी दलित पँथरची स्थापना झाली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही त्यातली ठळक नावे. 'पँथर' हा शब्द अमेरिकेतून आला. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड गावी १९६६ साली ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन कृष्णवर्णीय तरुणांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला होता. पोलिसांच्या दंडेलीला तोंड द्यायचे आणि वस्तीतल्या मुलांना सकाळी पोटभर न्याहारी द्यायची, अशी दोन्ही कामे ते करत. त्यांच्या बातम्या आणि तिथल्या लेखकांची पुस्तके इकडे पोचत होती. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले होते. त्यांनी तिथल्या काळ्या साहित्याची ओळख आपल्या लिहिणाऱ्यांना करून दिली होती.

हे नाते नवे नव्हते, हेही मुलांना सांगावे. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेले हार्लेम तिथून चालण्याच्या अंतरावर. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली, कारण अस्पृश्यांचे गाऱ्हाणे तसेच जगापुढे मांडावे असा विचार त्यांच्या मनात होता. डुबॉय यांनी आपुलकीने उत्तर दिले. त्याच्याही मागे गेलो तर अमेरिका नगरलाच आलेली दिसते. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते नगरला सिंथिया फरार या अमेरिकन बाईंकडे. तेव्हा तांबड्या मिलोच्या किती तरी आधी अमेरिकेतून आपल्याकडे पाटी आणि खडू आले होते.

पँथर स्थापन झाल्याला आठवडा झाला नाही तोच, ४ जून १९७२ रोजी, कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने अँजेला डेव्हिस या कृष्णवर्णीय प्राध्यापिकेला खुनाच्या आणि कटाच्या आरोपांतून निर्दोष सोडले. सगळे पंच गोरे असूनही! तिच्या सुटकेसाठी जगभर मोर्चे निघाले होते. त्याच वर्षी शर्ली चिझम या कृष्णवर्णीय बाईने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी एका मोठ्या पक्षाची उमेदवारी मागितली. ती मिळणार नाही हे तिला ठाऊक होते. पण दार कुणी तरी ठोठावले पाहिजे, म्हणून ती उभी राहिली. नोव्हेंबरात निक्सन पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकून निवडून आले. जूनमध्ये वॉटरगेट इमारतीत झालेली चोरी पुढे दोन वर्षांत त्यांची खुर्ची घालवणार आहे, हे तेव्हा फार थोड्यांना कळले होते.

आणि आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ आला. स्वातंत्र्याची पंचवीस वर्षे. शहरांत रोषणाई, खेड्यांत खडी. त्या दिवशी 'साधना' साप्ताहिकाच्या अंकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला आणि महाराष्ट्र हादरला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला जेवढा दंड, त्याहून कमी दंड आमच्या बाईचे लुगडे फेडल्याला, हे कसले स्वातंत्र्य, असा त्यातला रोखठोक सवाल होता. भाषेवरून गदारोळ झाला. सवालाचे उत्तर मात्र कुणी दिले नाही. त्याच वर्षी ढसाळांचा 'गोलपिठा' आला, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. ज्या वस्तीचे नाव सभ्य घरांत घेतले जात नसे, ती वस्ती मराठी कवितेत ठाण मांडून बसली.

गाण्याने उभी केलेली माणसे

आता गाण्याकडे वळू. दुष्काळात गाणे कसले, असे कुणी म्हणेल. पण उपाशी माणसालाच गाण्याची जास्त गरज असते, हे आपल्या गायन पार्ट्यांनी दाखवून दिले आहे.

अमेरिकेतल्या काळ्यांचे गाणे चर्चमध्ये आणि कापसाच्या शेतात वाढले. १९७२ च्या जानेवारीत त्या गाण्याची दोन टोके एकदम दिसली. १३ आणि १४ तारखेला अरेथा फ्रँकलिन या नामवंत गायिकेने लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये, साध्या भाविकांच्या समोर बसून भक्तिगीतांची ध्वनिमुद्रिका केली. मोठा स्टुडिओ तिला कमी नव्हता, पण ती आपल्या माणसांत परत आली. आणि २७ तारखेला महालिया जॅक्सन ही त्या गाण्याची मोठी माउली निवर्तली. १९६३ साली वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग बोलायला उभे राहण्याआधी तिने गायिले होते. तिच्या अंत्यविधीत अरेथानेच गाऊन निरोप दिला.

एप्रिलमध्ये आयझॅक हेझ या कृष्णवर्णीय संगीतकाराला चित्रपटगीताचे ऑस्कर मिळाले. असा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय संगीतकार. जुलैत बिल विदर्स याचे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. हा गडी कोळशाच्या खाणीच्या गावात जन्मलेला. गाणी करू लागला तेव्हा विमानातली शौचकुपे बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. अडचणीत एकमेकांच्या खांद्याला खांदा लावण्याचे ते साधे गाणे कामगाराच्याच तोंडी शोभावे असे.

मग आला २० ऑगस्ट. सात वर्षांपूर्वी, १९६५ च्या ऑगस्टमध्ये, लॉस एंजेलिसच्या वॉट्स या काळ्या वस्तीत पोलिसांच्या वागण्यावरून वणवा पेटला होता. कित्येक माणसे मेली होती. त्याच्या आठवणीसाठी शहराच्या भव्य मैदानावर गाण्याचा मेळा भरला. मेम्फिसच्या स्टॅक्स या ध्वनिमुद्रिका कंपनीने तो भरवला. तिकीट फक्त एक डॉलर, म्हणजे वस्तीतल्या कुणालाही परवडेल असे. लाखावर माणसे आली. जेसी जॅक्सन या तरुण धर्मोपदेशकाने त्या अफाट गर्दीकडून, आपण गरीब असू, सरकारी मदतीवर असू, पण आपणही माणूस आहोत, हे मोठ्याने म्हणवून घेतले. आपल्याकडच्या १४ एप्रिलला किंवा १४ ऑक्टोबरला नागपूरच्या दीक्षाभूमीवर गेलेल्या माणसाला या मेळ्याचे वर्णन वेगळे करून सांगावे लागणार नाही.

आपल्याकडे त्याच दिवसांत काय चालले होते? लोककवी वामनदादा कर्डक १५ ऑगस्ट १९७२ रोजी पन्नास वर्षांचे झाले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत गिरणीत राबला आणि पुढे गाण्यालाच वाहून घेतले. ध्वनिमुद्रिका कंपनी नाही, मैदान नाही. वस्तीत चार बल्ल्यांचा मांडव, एक ढोलकी, एक पेटी आणि रात्रभर भीमाची गाणी. वर्तमानपत्र ज्या घरात येत नव्हते, तिथे बाबासाहेब अशा गाण्यांतून पोचले. टुरिंग टॉकीजवाल्यांनी त्या साली व्ही. शांतारामांचा 'पिंजरा' आणला, तमाशाच्या फडाची गोष्ट. जगदीश खेबुडकरांची गाणी आणि राम कदमांचे संगीत. २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, पण आपल्या गावांत अजून आकाशवाणीच खरी.

नगरच्या मातीतलेही एक गाणे इथे सांगितले पाहिजे. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार. 'कोंडवाडा' आणि 'बलुतं' लिहिणारे. धरणाच्या कामावर राबणाऱ्या, स्वतः मात्र तहानलेल्याच राहणाऱ्या बाईच्या तोंडी त्यांनी एक गाणे घातले. ते पुढे कष्टकरी बायांच्या सभांतून गायिले गेले. ज्याच्या तालुक्यात भंडारदरा आहे आणि ज्याची माणसे माथ्यावर माती वाहून थकली आहेत, त्यालाच ते सुचणार. जन्मल्यापासून पाणी दुसऱ्याच्या शेतात जाताना पाहिलेले असते ना!

मैदानावर कसे उभे राहावे?

खेळात काय राजकारण, असे म्हणणारे लोक बहुधा तेच असतात ज्यांना मैदानात शिरायला कुणी अडवलेले नसते. १९७२ चे ऑलिंपिक पश्चिम जर्मनीत म्युनिकला झाले. अमेरिकेचा मार्क स्पिट्झ पोहण्यात सात सुवर्णपदके घेऊन गेला. भारताला हॉकीत कांस्य मिळाले. युगांडाच्या जॉन अकी-बुआने ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ४७.८२ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. वर्णद्वेषी ऱ्होडेशियाच्या संघाला आफ्रिकी देशांच्या एकजुटीमुळे ऑलिंपिकबाहेर जावे लागले. आणि ५ सप्टेंबरला बंदूकधाऱ्यांनी इस्राएलच्या खेळाडूंना ओलीस धरले. अकरा जण मारले गेले. निरपराधांच्या रक्ताने कुणाचाच न्याय होत नाही, हे बुद्धाचे सांगणे त्या दिवशी जगाला फार महाग पडून कळले.

दोनच दिवसांनी, ७ सप्टेंबरला, ४०० मीटरची शर्यत झाली. पहिला विन्सेंट मॅथ्यूज, दुसरा वेन कॉलेट. दोघेही अमेरिकेचे, दोघेही कृष्णवर्णीय. पदके गळ्यात पडली, अमेरिकेचे राष्ट्रगीत सुरू झाले. हे दोघे सैनिकासारखे ताठ उभे राहिले नाहीत. एकाच पायरीवर, कमरेवर हात ठेवून, आपसांत बोलत सैल उभे राहिले. प्रेक्षकांनी हुर्यो केली. ऑलिंपिक समितीने दोघांना पुढच्या सर्व ऑलिंपिकमधून बाद केले, आणि अमेरिकेला रिलेचा संघच उभा करता आला नाही. ती शर्यत केनियाने जिंकली. चार वर्षांपूर्वी मेक्सिकोत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी मुठी उगारल्या होत्या. यांनी मूठसुद्धा उगारली नाही. नुसते कसे उभे राहावे, हे दुसऱ्याने सांगितलेले ऐकले नाही, एवढाच गुन्हा. ज्याच्या बापजाद्यांना पाटलाच्या वाड्यापुढे वहाणा हातात घेऊन जावे लागे, त्याला या गुन्ह्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात जॅकी रॉबिन्सन गेला. १९४७ साली गोऱ्यांच्या बेसबॉलमध्ये पाय ठेवून त्याने रंगाची भिंत पाडली होती. मृत्यूपूर्वी नऊ दिवस, १५ ऑक्टोबरला, त्याचा मोठ्या सामन्यात सत्कार झाला. नजर अधू झालेली, मधुमेहाने शरीर पोखरलेले. तिथेही त्याने आभारापुरते आभार मानले आणि सुनावले, की संघ चालवणाऱ्याच्या जागी काळा माणूस दिसेल त्या दिवशी मला खरा आनंद होईल. २४ तारखेला तो वारला, वय अवघे त्रेपन्न. ती जागा काळ्या माणसाला १९७५ साली मिळाली.

आपलाही एक रॉबिन्सन होता, त्याच्या चाळीस वर्षे आधीचा. पळवणकर बाळू. चांभार समाजातला हा पोरगा पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची निगा राखत होता. नेटमध्ये साहेबांना चेंडू टाकता टाकता तो असा डावखुरा गोलंदाज झाला, की १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. मैदानात त्याचा चेंडू सगळ्यांना चालायचा, पण चहा त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते पुढे १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध उभा राहिला आणि पडला, हेही खरे. पण त्याच्या हातातली फिरकी आणि त्याच्यापुढे ठेवलेले मातीचे भांडे, दोन्ही आपल्या इतिहासात जमा आहेत.

बहात्तरच्या ऑगस्टात जर्मनीतच, हायडलबर्गला, अपंग खेळाडूंच्या स्पर्धा झाल्या. सांगली जिल्ह्यातला मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेला जवान, तिथे ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत पहिला आला. भारताचे ते पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्णपदक. त्याची पद्मश्री यायला २०१८ साल उजाडावे लागले. शेतकऱ्या-कामकऱ्याच्या पोरांची वाहवा आपल्याकडे अशीच सावकाश येते.

वर्ष सरता सरता

डिसेंबरात अमेरिकेचे अपोलो-१७ चंद्रावर उतरले. माणूस चंद्रावर तीन दिवस मुक्काम करून, मोटार चालवून परत आला, आणि इकडे गावच्या विहिरीवर माणसाला चढू दिले जात नव्हते. पण त्या वर्षाचा शेवट मला चंद्रापेक्षा एका खेळाडूच्या गोष्टीने सांगावासा वाटतो. रॉबर्टो क्लेमेंटे हा प्वेर्तो रिकोचा कृष्णवर्णीय बेसबॉलपटू. ३० सप्टेंबर १९७२ रोजी त्याने कारकिर्दीतला तीन हजारावा यशस्वी फटका मारला. २३ डिसेंबरला निकाराग्वाच्या राजधानीत भूकंप झाला, हजारो मेले. त्याने मदतीची विमाने पाठवली. ती मदत तिथले सत्ताधारीच मधल्या मध्ये खातात असे कानावर आले, तेव्हा वर्षाच्या शेवटच्या रात्री, ३१ डिसेंबरला, तो स्वतःच सामानाने भरलेल्या विमानात चढला. विमान समुद्रात कोसळले. सुकडीचे पोते मुलांपर्यंत न पोचता मधेच कुठे वळते, हे ज्याने खडीच्या कामावर पाहिले असेल, त्याला क्लेमेंटे विमानात का चढला ते लगेच उमगेल.

मोठेपणा सांगताना उणेही सांगावे. १९७२ पर्यंत अमेरिकेतला ब्लॅक पँथर पक्ष आपसांतल्या भांडणांनी आणि सरकारी दडपणाने खिळखिळा झाला होता. आपली दलित पँथरही फार काळ एकसंध राहिली नाही. १९७४ च्या जानेवारीत वरळीची दंगल झाली, भागवत जाधव हा तरुण त्यात बळी गेला, आणि त्याच वर्षी ढसाळ-ढाले यांची वाट वेगळी झाली. संघटना मोडल्या. पण एकदा ताठ झालेली मान त्या संघटनांबरोबर पुन्हा वाकली नाही. बहात्तरची मिळकत असेल तर ती हीच.

घरोघरी एवढे करा

ज्या बाईने पंधराव्या वर्षी खडी फोडली, ती आज सत्तरीत आहे. ज्याने विशीत पँथरच्या मोर्चात घोषणा दिल्या, तो त्याच्याही पुढे गेला आहे. त्यांच्या आठवणी सरकारी कागदात सापडणार नाहीत. हजेरीपटावर त्यांचा अंगठा असेल, गोष्ट नसेल. म्हणून या रविवारी जेवणानंतर टीव्ही आणि मोबाइल बंद करा, आणि शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हातात वही देऊन आजी-आजोबांपुढे बसवा. त्याने एवढेच विचारावे : तुम्ही कोणत्या कामावर होता? मुकादम कोण होता आणि कसा वागायचा? पाणी कुठून आणायचे आणि तिथे कोण काय बोलायचे? मिलोची भाकरी कशी करायची? रात्री कोणती गाणी म्हणायचे? मुंबईला कोण गेले आणि का गेले? पँथर हा शब्द पहिल्यांदा कुठे ऐकला?

उत्तर बोलीत येईल, ते बोलीतच लिहून घ्या. शुद्धलेखनाची काळजी नको. आजी मधेच गप्प बसली तर बसू द्या, घाई करू नका. वही भरली की तिच्यावर गावाचे नाव, तालुका आणि तारीख घाला आणि घरात बाबासाहेबांच्या पुस्तकांशेजारी ठेवा.

त्या वहीतून नातवंडांना कळेल, की आपले घर दुष्काळातून नुसते जगून-वाचून आले नाही. दिवसभर दगड फोडून संध्याकाळी मान वर करून घरी येणाऱ्या माणसांचे ते घर आहे.

जयभीम!